पांढऱ्या बाराबंदीमागे लागलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मित्रांनो. कमरेचे पट्टे पोट धरून बसतात, त्यांना कसलं आलंय चरित्र! मी सोलापूरच्या एका कापडगिरणीतला चामड्याचा पट्टा. चांगला वीतभर रुंद, आणि लांबीला एवढा, की मला उलगडलं असतं तर एक टोक सिद्धेश्वराच्या तळ्यात भिजलं असतं आणि दुसरं किल्ल्याच्या बुरुजावर वाळलं असतं. खोटं वाटतं? मग तेव्हाच मोजायला यायचं होतं. आता उशीर झाला.

माझं मूळ मैंदर्गीचं. तिथल्या रुद्रप्पांच्या गोठ्यात एक रेडा होता, त्याचं कातडं म्हणजे मी. हा रेडा साधासुधा नव्हता. एकदा दावं तोडून सुटला तो थेट रुळांवर जाऊन उभा राहिला. समोरून आगगाडी आली, ती थांबली. गार्ड हिरवं निशाण घेऊन खाली उतरला, तर रेड्याने ते निशाण गवत समजून खाल्लं. गार्डाने लाल दाखवलं. रेड्याने तेही खाल्लं. तेव्हापासून त्या वळणावर आगगाडी आपणहून दबकत जाते, असं मैंदर्गीत म्हणतात. निदान मी तरी म्हणतो. सांगायचं काय, की लोंबतं कापड दिसलं की तोंडात धरायचं, हे माझ्या कातड्यातच आहे. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

रेडा म्हातारा होऊन मेला. कातडं आधी चुन्याच्या हौदात पडलं, मग तरवडाच्या सालीच्या पाण्यात. तिथे मी कित्येक महिने अंधारात कडू पाणी पीत पडून होतो. बाहेर आलो तेव्हा माझ्यात रेड्याचा जोर होता, पण रेड्याची दया नव्हती. चांभाराने रापीने माझ्या सरळ पट्ट्या कापल्या, एकीला एक जोडून वादीने शिवल्या आणि अंगभर एरंडेल चोळलं. शेवटची दोन टोकं गिरणीत वर चढवल्यावर जोडली. तो जोड बसला आणि मला सुरुवातही राहिली नाही, शेवटही राहिला नाही. ज्याला शेवट नाही तो थांबणार कुठे?

गिरणीतला कारभार असा होता. विणाई खात्यात छताखालून एक लांबलचक लोखंडी दांडा गेलेला. इंजिन सुरू झालं की तो गरगर फिरायचा. दांड्यावर ओळीने चाकं बसवलेली आणि प्रत्येक चाकावरून एकेक पट्टा खाली मागाकडे उतरलेला. दांडा आम्हाला फिरवी, आम्ही माग चालवत होतो आणि मागावर कापड उतरे. सकाळी भोंगा झाला की जो आवाज उठे त्यात माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. उन्हाळ्यात तर छपराचा पत्रा असा तापे की वरून उडणारा कावळा मध्येच खाली उतरून गिरणीच्या सावलीतून चालत जाई आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा उडे.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची होती. माझ्यावर राळ भुरभुरली जाई, म्हणजे मी चाकावरून घसरू नये. दर पंधरवड्याला एरंडेल मिळे. विणाई मास्तर साहेब पाहुण्यांना घेऊन येई आणि छडीने माझ्याकडे दाखवी. मग बाहेरून नवे कॅनव्हासचे पट्टे आले. कौतुक तिकडे गेलं, एरंडेलही तिकडेच गेलं. माझ्या वाद्या सुकू लागल्या, अंगाला चिरा पडू लागल्या. पण मी फिरतच होतो, त्यामुळे कोणाला त्याची काळजी वाटली नाही.

मित्रांनो, फिरणारा पट्टा जवळून पाहिला आहे का? नको, पाहू नका. दुरून तो उभा असल्यासारखा दिसतो. झुळझुळ पाण्यासारखा. त्याला हात लावावासा वाटतो. माझ्या शेजारच्या पट्ट्याने एकदा जोतीराम जॉबरची बाही घेतली. बाहीत हात होता.

जोतीराम मोडनिंबचा. विणाई खात्यातल्या माणसांवर देखरेख करणारा जॉबर म्हणून नेमला गेला, त्या दिवशी त्याने मोठ्या हौसेने घोळदार बाह्यांचा रेशमी सदरा शिवून घेतला होता. सदरा दुपारपर्यंत टिकला. पुढे साहेबाने त्याला कामावर ठेवलं, कारण त्याचा आवाज आमच्या सगळ्यांच्या आवाजावर जाई. पण त्याची उजवी बाही तेव्हापासून खांद्याशी टाचलेली. तो माझ्या खालून गेला की एकदा वर बघे. मीही त्याच्याकडे बघे. आमची ओळख तेवढीच.

आणि मग सिद्धाराम आला.

तो तेलवाला म्हणून आला. तेलवाल्याने हातात तेलाची झारी घेऊन शिडीवर चढायचं, दांड्याच्या सांध्यांत तेल सोडायचं आणि एखादा पट्टा चाकावरून घसरला तर काठीने पुन्हा चढवायचा. काळाकुट्ट धंदा. आधीचे तेलवाले आठवड्यात असे होत की घरचं कुत्रं त्यांच्यावर भुंके. हा गडी आला तो पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत! आडव्या पदराचा, बटण नसलेला, जागोजागी बंदांनी बांधलेला अंगरखा. डोक्याला पांढरा फेटा. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्यांत त्याचा मान होता, आणि त्या वेळी हाच पोशाख असतो. यात्रेची बाराबंदी घरात घडी करून वेगळी ठेवलेली; ही जाड्याभरड्या कापडाची, रोजची. बाप हेच घालायचा, आजा हेच घालायचा.

सगळं खातं हसलं. जोतीराम कमरेवर हात ठेवून ओरडला, "काय रं, वाट चुकलास काय? देऊळ तिकडं ऱ्हायलं!"

"चुकलो न्हाय की तात्या. तेलवाला मीच."

"आन् ह्ये पांढरं कशाला? तेलात पडायचं हाय तुला, दुधात न्हवं."

"म्हणूनच पांढरं," सिद्धाराम म्हणाला. "हात चुकला तर पयला मला दिसल. दुसऱ्या कापडावर दिसत न्हाय."

जोतीराम त्याच्या जवळ गेला. त्याने छातीवरचा एक लोंबता बंद चिमटीत धरला आणि हसणं थांबवलं. "बरं ह्ये बंद?" आपली टाचलेली बाही त्याने पुढे केली. "ही बघ. ही बी लई डौलाची हुती."

मीही ते बंद पाहिले होते. गळ्याशी, छातीवर, काखेत, कमरेला. तो शिडीवर चढला की ते वाऱ्याने हलत. मित्रांनो, तुमच्यासमोर कोणी लाडवाचं ताट धरून रोज शिडी चढू लागला तर तुमची नजर कुठे जाईल?

पण गड्याचा हात पाहण्यासारखा होता. झारीची चोच सांध्याला टेकवायची, तेल जेवढं हवं तेवढंच सोडायचं, चोच फडक्याने पुसायची. संध्याकाळी भोंगा झाला की बाराबंदी सकाळी होती तशीच. पहिल्या महिन्यात हसणारे दुसऱ्या महिन्यात पैजा लावू लागले, की आज डाग पडतो का. नंतर नंतर त्या कापसाच्या धुरळ्यात तो पांढरा माणूस वर दिसला, की खालच्यांना दिवस धड चालला आहे असं वाटू लागलं.

साहेबाला मात्र ते खुपलं. विलायतेहून आलेला हा मास्तर मराठी बोले ते तापल्या फरशीवर अनवाणी चालल्यासारखं. त्या साली त्याने सगळ्यांसाठी खाकी अर्ध्या बाह्यांचे सदरे काढले. छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. एका सकाळी तो माझ्याच खाली सिद्धारामला अडवून उभा राहिला.

"उद्या तू खाकी. सगळे खाकी."

"साहेब, काम चुकलंय काय माझं?"

"काम चांगलं. कपडा खराब. हे दोऱ्या," त्याने छडीने बंद उडवले, "मशीन खाईल."

सिद्धारामने त्याच्या गळ्याकडे बघितलं. साहेबाच्या गळ्यात निळी रेशमी नेकटाय होती, बेंबीपर्यंत. "मशीनला रेशीम बी चालतंय, साहेब."

जोतीरामने डोळे मिटले. साहेबाने नेकटाय हाताने दाबून धरली, वर माझ्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरला. मी तरी काय करणार, फिरत राहिलो.

"खाकीत चूक लपती," सिद्धाराम हळूच पुढे म्हणाला. "ह्याच्यात लपत न्हाय. ह्यो पोशाख आंगावर असला की मी मी असतोय. मग हात चुकत न्हाय. ह्यो काढला तर कुणाचा हात कुणाला ठावं."

साहेबाने छडी काखेत मारली. मग म्हणाला, "एक डाग. तुझ्या हाताचा एक डाग दिसला, त्या दिवशी खाकी. कायमचा."

"व्हय साहेब."

असा तो करार झाला, आणि गिरणीत एकटा सिद्धाराम पांढरा राहिला.

थंडी सुरू झाली. थंडीत चामडं आखडतं. एके दिवशी तो माझ्या चाकाशी तेल सोडत होता. वारा आला, छातीवरचा एक बंद उडाला आणि माझ्या अन् चाकाच्या मधल्या फटीत शिरला. मी ओढला. विचारून ओढला नाही. असं काही विचारून होत नसतं. क्षणभर सिद्धाराम पुढे झुकला, त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर आला. आणि बंद तुटला. धुऊन धुऊन, घामाने कुजलेली ती कापडाची चिंधी. फट् म्हणाली आणि सुटली. सिद्धारामने छातीवरून हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं. तो कसनुसा हसला आणि पुढच्या सांध्याकडे गेला.

आता त्याची बायको सांगतो. दाक्षायणी त्याच गिरणीत होती, पलीकडच्या रीळ खात्यात, जिथे सुताची रिळं भरतात. अक्कलकोटकडची बाई, घरात कानडी, गिरणीत मराठी, रागावली की दोन्ही एकदम. तुटलेला बंद तिने घरी पाहिला. कसा तुटला ते नवऱ्याने सांगितलं नाही. कुजला होता म्हणाला. तिला ते जिव्हारी लागलं. संक्रांत आठवड्यावर आलेली. मानाच्या माणसाच्या अंगावर तुटका बंद! बायको रिळावर सूत भरते आणि नवऱ्याचे बंद कुजके! लोक काय म्हणतील?

ती दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत विणाई खात्यात आली. इंजिन थांबलं होतं, मी स्तब्ध लोंबत होतो. सिद्धाराम भाकरी खात भिंतीला टेकून बसला होता. तिने त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, ओच्यातून नवी बाराबंदी काढून त्याच्या अंगात चढवली.

"हात वर करा की. असं न्हाय, लेकरू हाय काय तुमी?"

"लोक बघालेत गं."

"बघू देत. बघायलाच आणलंय." तिने छातीवरचा बंद ओढून दाखवला. "ह्ये चिंधीचे न्हाईत. पिळाचं सूत मागून घेतलं, चार पदर वळले, मेण लावलं. शिवणीत तीनतीनदा टाके घातलेत. बैल बांधा ह्याला, बैल. बैल मरल, पण ह्यो तुटायचा न्हाय!"

बायकांनी बंद हातात घेऊन पाहिले. बेस झालंय म्हणाल्या. एकीने ओढून बघितलं, तर सिद्धाराम अख्खा पुढे आला आणि सगळ्या हसल्या. सिद्धारामही हसला. त्याने मान खाली घालून त्या बंदांवरून बोट फिरवलं, आणि त्याच्या तोंडावर असा काही आनंद होता, की परवा काय तुटलं आणि का तुटलं, हे तो विसरून गेला.

मी विसरलो नव्हतो. त्या गिरणीत ते ध्यानात ठेवणारा मी एकटा. कुजका होता म्हणून माणूस वाचला. आता कुजका उरला नव्हता.

इंजिन सुरू झालं. पट्ट्याला तोंड नसतं, मित्रांनो. मग मी एकच करू शकत होतो, ते केलं. घसरू लागलो. म्हटलं, दोनदा घसरलो, चारदा घसरलो की म्हणतील हा जुना पट्टा बिघडला, काढा ह्याला, फेका. मी गेलो की हा माणूस सुटेल. पहिल्या दिवशी चाकावरून सरकलो आणि दांड्यावर सैल लोंबत राहिलो. कोणीतरी हाक मारली, "तेलवाला!" आणि शिडी घेऊन कोण आला? तोच. तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो ते. घसरलेला पट्टा फिरत्या चाकावर चढवायचा, ते काम त्याचंच. मी जितका पळायला बघत होतो, तितका त्याला जवळ बोलावत होतो.

मग मी घसरायचं नाही असं ठरवलं. पण सुकलेलं चामडं एकदा घसरायला शिकलं की थांबत नाही. राळ कोणी टाकेना. दुसऱ्या दिवशीही घसरलो, तिसऱ्या दिवशीही. तो वर येई, काठीने मला चाकाच्या कडेवर टेकवी, आणि त्याच्या छातीवरचे ते मेणाचे बंद माझ्या अंगाला घासून जात. गार लागत. प्रत्येक वेळी तो खाली उतरे आणि खाली जोतीराम शिडी धरून उभा असे.

"साहेबाला सांगतो, ह्यो पट्टा बदला म्हणून," जोतीराम म्हणे. "ह्याची चाल बरी न्हाय. काल ह्यो माझ्याकडं बघत हुता."

"पट्टा कुटं बघतोय काय, तात्या!"

"तुला न्हाय कळायचं. मला ठावं हाय."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा घसरलो. सिद्धाराम घाईत होता. संध्याकाळी यात्रेच्या तयारीला जायचं होतं. तो शिडी चढला, एका हाताने दांड्याचा आधार घेतला, दुसऱ्या हाताने काठी लावली. मी चाकावर चढलो. चढताना छातीवरचा बंद बरोबर घेतला.

ह्या वेळी काही तुटलं नाही.

तो नुसता ओढला गेला. आधी बंद, मग बाराबंदीचा पदर, मग खांदा. पाय शिडीवरून सुटले. तो ओरडला असेल, पण त्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही, फक्त उघडं तोंड दिसतं. खाली जोतीराम डावा हात हलवत इंजिनाकडे खुणा करत होता. पण इंजिन काही दिवा नव्हे, फुंकलं आणि विझलं! छाती चाकाला टेकायला आली. मी थांबायला बघत होतो. थांबणं माझ्या हातात कधीच नव्हतं.

आणि माझा जोड गेला.

ज्याला कित्येक वर्षं कोणी तेलाचं बोट लावलं नव्हतं, ती वादी. सुकून काडी झालेली. ती एका ठिकाणी तडकली आणि मग सगळा जोड उसवत गेला. इतक्या वर्षांनी मला पुन्हा दोन टोकं आली. चाकावरची पकड सुटली, बंद निसटला, सिद्धाराम खाली पडला. मी असा उडालो की फेरीवर आलेल्या साहेबाची टोपी घेऊन खिडकीतून थेट स्टेशनावर गेलो असतो. पण मध्ये भिंत होती, म्हणून टोपीवरच भागवलं. ती वर छपराच्या लोखंडी कैचीत अडकली. अजून तिथेच असेल.

सिद्धाराम पडला तो जोतीरामच्या अंगावर. दोघे जमिनीवर. इंजिन थांबलं, आणि त्या शांततेत पहिला आवाज जोतीरामचा आला.

"एक हात घेतला तो घेतला. आता मान बी मोडता काय रं माझी?"

सिद्धाराम हसला नाही. त्याचा खांदा निखळला होता. छातीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या अंगाचा काळा पट्टा उमटला होता, पांढऱ्यावर काळा, रुंद. रीळ खात्यातून दाक्षायणी धावत आली. जोतीरामने गुडघ्यावर बसून छातीवरचा तो बंद हातात घेतला, बोटाभोवती गुंडाळून ओढला. ओढतच राहिला. मग मान वर केली.

"बंद तुटला न्हाय," तो म्हणाला. "पट्टा तुटला. ह्ये कुणी लावलं?"

ज्या बायकांनी बेस म्हटलं होतं, त्या खाली बघू लागल्या. दाक्षायणी मटकन बसली. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि कानडीत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "अय्यो, अय्यो."

साहेब बिनटोपीचा उभा होता. त्याने छडीने बाराबंदीवरच्या काळ्या पट्ट्याकडे दाखवलं. आवाज कडक नव्हता, पण शब्द तेच होते. "डाग. आता खाकी."

त्या संक्रांतीला सिद्धारामने नंदीध्वजाची काठी उचलली नाही. हात गळ्यात बांधून तो मिरवणुकीत नुसता चालला. जोतीराम सांगत होता, की माणूस चालत होता पण बघत कुठेच नव्हता. मला मात्र गिरणीत एका कोपऱ्यात गुंडाळून टाकलं होतं. तिथून मी पुढचं पाहिलं.

खांदा बसल्यावर तो कामावर आला, तो खाकीत. छातीवर बिल्ला. शिडी चढला, झारी टेकवली आणि पहिल्याच सांध्याला तेल सांडलं. दुसऱ्यालाही. खाकीवर ते दिसलं नाही. पण त्याला ठाऊक होतं. त्याचा हात थरथरत होता, आणि थरथरणारा हात फिरत्या दांड्याजवळ! कोपऱ्यात पडल्या पडल्या माझं चामडं आखडून गेलं. बंद नाही तर नाही, असा हात असेल तर दांडा बोटंही घेतो. जोतीराम खालून बघत होता. त्या दिवशी तो कोणावर ओरडला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत दाक्षायणी आली. डोळे सुजलेले, पण पदर खोचलेला. ती सरळ साहेबासमोर जाऊन उभी राहिली. हातात घडी केलेली बाराबंदी.

"साहेब, तुमी काय बोललात? हाताचा डाग. ह्येंच्या हाताचा."

"येस."

"तो डाग ह्येंच्या हाताचा न्हाय. माझ्या हाताचा हाय. बंद मी वळले. खाकी घालायची तर मला घाला."

तिने बाराबंदी उलगडून त्याच्यासमोर धरली आणि एक बंद त्याच्या हातात दिला. "ओढा."

साहेबाने जरासा ओढला. बंद त्याच्या हातात आला. अगदी अलगद, पिकलं पान यावं तसा. त्याने बंदाचं टोक बघितलं. शिवणीत एकच कच्चा दोरा, तोही एकपदरी.

"दुसरा ओढा."

दुसराही आला. साहेबाने तिसरा ओढला, चौथा ओढला. त्याला त्यात गंमत वाटू लागली होती बहुतेक.

"पुरे की साहेब!" जोतीराम ओरडला. "सगळे तुमीच घेतलेसा, तर गडी उघडा चढल वर!"

खात्यात हसू फुटलं. भिंतीशी बसलेला सिद्धारामही हसला, कित्येक दिवसांनी. साहेबाने हातातले बंद नीट दुमडून दाक्षायणीला परत दिले. म्हणाला, "दर सोमवारी. मी एक ओढून बघणार. नाही तुटला, तर खाकी."

तेव्हापासून त्या गिरणीत रिवाज पडला. सोमवारी सकाळी पांढऱ्या बाराबंदीतला तेलवाला साहेबासमोर उभा राहायचा, साहेब एक बंद ओढून तोडायचा, आणि घरी दाक्षायणी तो पुन्हा कच्च्या दोऱ्याने टाचायची. साहेबाने आपली नेकटाय सदऱ्याच्या आत खोचायला कधी सुरुवात केली, ते कोणी विचारलं नाही. आणि झारीतून तेल सांडणं थांबलं.

माझं म्हणाल तर मला कापून विकलं. काही तुकड्यांच्या वहाणा झाल्या. एक हातभर तुकडा गिरणीच्या फाटकासमोरच्या आप्पा न्हाव्याने घेतला, तो मी. खुर्चीशेजारी भिंतीला लोखंडी कडीत लटकतो. आप्पा माझ्यावर वस्तरा घासतो, सर्र, सर्र, आणि मग समोरच्या माणसाला म्हणतो, "मान वर करा." मला हे काम आवडतं. का आवडतं ते विचारू नका.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या गोष्टीत शेवटी म्हणायचं असतं, की वस्तूंची काळजी घ्या, वेळच्या वेळी तेल द्या. मीही म्हणतो. पण माझी काळजी घेतली असती, तर माझा जोड टिकला असता आणि सिद्धाराम टिकला नसता. हे तुमच्या घरी सांगू नका, नाहीतर काळजी नको म्हणून तुमची दप्तरं अंगणात पडायची आणि थोबाडीत मला बसायची. तुम्हाला एवढंच सांगतो. मोठे व्हाल, कुठे कामाला लागाल, तेव्हा आपलं जे आहे ते अंगावर खुशाल घाला. ते काढून ठेवलंत तर हात थरथरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त ते पक्क्या दोऱ्याने शिवू नका. आम्ही सगळीकडे असतो. दुरून झुळझुळ पाण्यासारखे दिसतो.

परवा सिद्धाराम दाढीला आला होता. मिशा पांढऱ्या होऊ लागल्या आहेत, बाराबंदी तशीच. दाढी झाली, तो उठला, आणि त्याचा काखेतला बंद माझ्या कडीत अडकला. मी धरला. तो आप्पाशी बोलत बोलत दाराकडे निघाला. बंद ताणला गेला, क्षणभर. मग दोरा सुटला. त्याला कळलंही नाही. उन्हात पदर फडफडवत रस्ता ओलांडून गेला.

बंद अजून माझ्याजवळ आहे. मी सोडलेला नाही. पण त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस नाही.